भजनी मंडळाला नवी पेटी नको, जुनी नीट करून द्या

विदर्भातल्या तिवसा, आर्वी, चिमूर, वरोरा, दारव्हा, कुठल्याही तालुक्यातलं हजार-बाराशे वस्तीचं गाव घ्या. तिथे एक बँड सापडेल. चाळीस-पन्नास वर्षांपासून तो वाजतो आहे आणि शेजारच्या तालुक्यात त्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही. तबलजी वारला तर त्याचा मुलगा बसला, मुख्य गायकाचा आवाज गेला तर पुतण्या पुढे सरकला, पेटी दोनदा बदलली, बँड मात्र मोडला नाही. गाव त्याला भजनी मंडळ म्हणतं. आठ ते बारा माणसं, एक पेटी, तबला-डग्गा किंवा ढोलक, दोन-चार खंजेऱ्या, टाळ, झांज. दिवसा ही माणसं फवारणीला, डवरणीला, कापूस वेचायला जातात, कुणी शाळेत असतो, कुणी किराणा दुकानात. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना झाली की सतरंजी तशीच ठेवून पेटी बाहेर निघते.

रॉक संगीताचे काही रसिक असे असतात की वीस-तीस वर्षं लहानशा हॉलमध्ये वाजवत राहिलेल्या एखाद्या अनाम बँडला ते जीव लावतात. कुठल्या साली ड्रमवाला बदलला, त्यानंतर तेच गाणं कसं वेगळं वाजू लागलं, यावर ते तावातावाने बोलतात. आपल्या भजनी मंडळांच्या वाट्याला असे कान क्वचितच येतात. कौतुक होतं ते ‘परंपरा जपली’ एवढंच. कसं गायले, चाल कुठली होती, खंजेरी कुठे थांबली, हे कुणी विचारत नाही. मंडळं टिकावीत म्हणून सरकार आणि गाव जे करतात त्यातही नेमका हाच दोष आहे. नवं साहित्य वाटलं जातं, जुनं दुरुस्त होत नाही. स्पर्धा भरतात, ऐकणारे जमत नाहीत. मंडळाला खरी गरज आहे ती वर्षाकाठी थोड्याशा दुरुस्तीच्या पैशाची आणि आपल्याच गावात, माणसं जागी असताना, एका तासाची. दोन्ही गोष्टी स्वस्त आहेत, तरी होत नाहीत.

राज्य सरकारने २०२५च्या गणेशोत्सवाच्या सुमारास १,८०० भजनी मंडळांना साहित्य खरेदीसाठी प्रत्येकी २५ हजार रुपयांचं अनुदान जाहीर केलं. हेतू चांगला आहे. ज्या महिला मंडळाकडे टाळांपलीकडे काहीच नाही, त्यांना हा पैसा मिळालाच पाहिजे. पण २५ हजारांत येतं काय? साडेतीन सप्तकांची, दुहेरी सुरांची बरी पेटी घेतली की त्यातली निम्म्याहून जास्त रक्कम संपते. तबला-डग्गा घेतला की टाळांपुरते पैसे उरतात. मग खरेदी करणारा घाईत स्वस्त पेटी उचलतो. तिचं लाकूड पुरतं वाळलेलं नसतं, पहिल्याच पावसाळ्यात पट्ट्या फुगतात आणि पुढच्या वर्षी ती जुन्या पेटीशेजारी जाऊन बसते. ती जुनी पेटी बहुतेक वेळा चांगल्या सागाची असते आणि नव्या पेटीच्या दहाव्या-बाराव्या हिश्श्यात वाजती झाली असती. पण अनुदान खरेदीला मिळतं, दुरुस्तीला मिळत नाही.

पेटीचं दुखणं समजून घेणं अवघड नाही. पहिला शत्रू उंदीर. भात्याच्या घड्यांवर चिकटवलेलं मऊ कातडं आणि आतलं बनातीचं कापड त्याला आवडतं. भात्याला बारीक भोक पडलं तरी हवा सुटते, वाजवणारा जोरजोरात भाता मारू लागतो आणि सूर थरथरतो. ऐकणाऱ्याला वाटतं हात कच्चा आहे. तपासायचं असेल तर सगळे खटके (सुरांकडे हवा सोडणाऱ्या पुढच्या खुंट्या) बंद करायचे, एकही पट्टी दाबायची नाही, भाता भरून हात काढून घ्यायचा. धडधाकट पेटीतली हवा दहा-पंधरा सेकंद तरी टिकते. तीन-चार सेकंदांत भाता बसला तर गळती आहे. ही गळती कातड्याची पट्टी आणि सरस यांनी गावातला सुतारही बुजवू शकतो, फक्त फेविकॉलचा थर जाड द्यायचा नाही, घडी कडक होते आणि शेजारच्या जागी फाटते.

पावसाळ्यात पट्टी अडकून एखादा सूर आपोआप वाजत राहिला की लोक पेटी उन्हात ठेवतात. हे करू नये. उन्हात सांधे सुटतात, पाटीला चीर जाते. वरचं झाकण उघडून रात्रभर पंख्याखाली ठेवली की बहुतेक वेळा पट्टी मोकळी होते. एखादा सूर मुका झाला असेल तर पितळी जिभेखाली धूळ किंवा झुरळाचा पाय अडकलेला असतो. पातळ कागदाची पट्टी जिभेखालून सरकवायची, जीभ अलगद उचलायची, सोडायची. फुंकर मारायची नाही, तोंडाच्या ओलाव्याने पितळ काळं पडतं. आणि सूर लावण्याच्या भानगडीत पडायचं नाही. जीभ टोकाकडे घासली की सूर चढतो, खिळ्याकडे घासली की उतरतो, एवढं ऐकून अनेक उत्साही लोकांनी कानस हातात घेतली आहे. घासलेलं पितळ परत येत नाही. ते काम कारागिराचं. अमरावती, नागपूर, वर्धेसारख्या शहरात पेटी घेऊन जायचं तर एका माणसाचा एक दिवस आणि प्रवासभाडं लागतं, आणि तो खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा हे ठरलेलं नसल्यामुळे पेटी वर्षानुवर्षं कोपऱ्यात राहते.

तबल्याचं आणखी एक आहे, ज्याचा साहित्य वाटताना विचारच होत नाही. दायां, म्हणजे उजव्या हाताचा तबला, एका ठरावीक पट्टीसाठी बनतो; पट्टी म्हणजे पेटीवरचा जो सूर ‘सा’ धरून गातात तो, काळी एक म्हणजे पहिली काळी. सव्वापाच-साडेपाच इंच तोंडाचा दायां काळी एकला छान लागतो आणि पुरुष मंडळं साधारण तिथेच, फार तर काळी दोनला गातात. तोच तबला महिला मंडळाला दिला जातो. त्या काळी चारला गायल्या तर काळी एक हा त्यांचा मध्यम, म्हणजे ‘म’, होतो, त्यामुळे खपून जातं. पण काळी पाच लागली तर तोच सूर कोमल गंधार, म्हणजे उतरलेला ‘ग’, होतो आणि शुद्ध गंधाराच्या चालीत तो सतत टोचत राहतो. ऐकणाऱ्याला बायका बेसूर वाटतात. त्या बेसूर नसतात. गजऱ्यावर, म्हणजे कातड्याच्या काठच्या विणलेल्या कड्यावर, हातोडीने वरून ठोकून दायां दोन पट्ट्या चढवला, म्हणजे काळी दोनला नेला, की मध्यम परत हाती येतो. एवढं चढवायचं तर नुसत्या गजऱ्याने भागत नाही, आधी वादीखालचे लाकडी गट्टे खाली सरकवावे लागतात आणि पुडी, म्हणजे तोंडाचं कातडं, जुनी असेल तर फाटते. म्हणून महिला मंडळाला साहित्य देण्याआधी त्यांची पट्टी विचारावी. हा प्रश्न विचारायला एक मिनिट लागतं.

खंजेरी मात्र विदर्भाची खरी ओळख. यावलीत १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी हे वाद्य हाती घेतलं आणि गावोगाव नेलं. १९५५मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेपर्यंत ते त्यांच्यासोबत गेलं. वाद्य म्हणून खंजेरी साधी दिसते: सात ते नऊ इंचांचं लाकडी कडं, एका बाजूला कातडं, कड्यातल्या खाचांमध्ये पितळी चकत्यांच्या जोड्या. साधी दिसते म्हणून ती कुणाच्याही हातात दिली जाते आणि तिथेच मंडळ बिघडतं. चांगला खंजेरीवाला अंगठ्याने मध्याजवळ खर्ज काढतो, बोटांची टोकं काठाजवळ उडवतो आणि डाव्या हाताचा झटका नेमका दोन मात्रांच्या मधे देतो. कच्चा वाजवणारा सगळा वेळ हलवत राहतो. मग चकत्यांचा छनछनाट अखंड चालतो आणि त्याखाली शब्द गडप होतात.

पूर्वी खंजेरीला घोरपडीचं कातडं लावत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे, घोरपड त्याच्या पहिल्या अनुसूचीत येते, तेव्हा तो विषय संपला आणि संपला ते बरं झालं. आता बकरीचं कातडं किंवा फायबर. बकरीच्या कातड्याचा आवाज उबदार असतो, पण हवामान त्याला छळतं. भजनांचा मोसम म्हणजे श्रावण-भाद्रपद, आणि नेमकं तेव्हाच कातडं ढिलं पडतं. मग मंदिरामागे घमेल्यात निखारे काढतात. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचा, जाळ कामाचा नाही, तो भडकतो आणि कातड्यावर काजळी धरते. बाभळीचे निखारे हवेत, वर राखेचा पातळ थर आलेले. खंजेरी दीड-दोन वीत वर धरून गोल फिरवायची, दर काही फेऱ्यांनी बोटाने टिचकी मारून ऐकायची. ‘धप्प’चा ‘टण्’ झाला की लगेच काढायची. घाई करून खाली नेली तर काठावर, खिळ्यांच्या ओळीतच, कातडं तडकतं. उन्हाळ्यात पारा ४५च्या घरात गेला की उलटा त्रास, कातडं इतकं ताणतं की आवाज पत्र्यासारखा होतो. तेव्हा आतल्या बाजूने ओल्या फडक्याचा हलका हात फिरवायचा. आणि कुठल्याही ऋतूत खंजेरी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायची नाही, बुरशी येते. सुती पिशवी, भिंतीला खिळा. स्पर्धेच्या दिवशी फायबरची खंजेरी घेतली तर माझी हरकत नाही, स्क्रू आवळला की काम झालं. गावातल्या भजनाला मात्र कातड्याचीच असावी.

हे सगळं कशासाठी, ते एखादं गाणं नीट ऐकलं की कळतं. माझ्या मते विदर्भातल्या मंडळाची परीक्षा घ्यायची तर एकच भजन पुरेसं आहे: तुकडोजी महाराजांचं ‘या झोपडीत माझ्या’. शाळेच्या पुस्तकांमुळे ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच ते गुळगुळीत झालं आहे.

त्याची बांधणी पाहा. ‘राजास जी महाली’ या ओळीत बारा मात्रा आहेत. पुढच्या ओळी गाताना साधारण तेवढ्याच, धृपदही तेवढंच. तीन ओळींचं यमक आणि चौथ्यांदा झोपडी. मागे झील धरणाऱ्यांना पाठ करण्यासारखं काही उरतच नाही, पहिल्यांदा ऐकणारा माणूसही तिसऱ्या कडव्याला सूर मिळवतो. सहा मात्रांच्या दादऱ्यात घेतलं तर ओळ बरोबर दोन आवर्तनांत बसते. मंडळं मात्र ते बहुतेक आठ मात्रांच्या केरव्यात घेतात. केरव्याच्या दोन आवर्तनांच्या सोळा मात्रा, म्हणजे चार मात्रा जास्तीच्या. त्या चार मात्रांचं काय करायचं, यावर मंडळाची जात कळते. चांगलं मंडळ शेवटचं अक्षर सोडतं आणि ती जागा खंजेरीला देतं. चार मात्रा फक्त खंजेरी बोलते, मग पुढची ओळ. वाईट मंडळात तिथे तबलजी तिहाई टाकतो, पेटीवाला सुरावट घालतो, खंजेरीही हलते आणि सगळे मिळून पुढच्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर चढतात. ‘पहारे आणि तिजोऱ्या’ म्हणताना ‘पहारे’चा ‘प’ गेला तर ओळ गेली.

या भजनावर एक आक्षेप नेहमी येतो: गरिबीचं कौतुक करून लोकांना झोपडीतच समाधानी ठेवणारं हे गाणं आहे. कर्जाखाली दबलेल्या कापूसपट्ट्यात हा आक्षेप हलका नाही. पण गाणं गोड आवाजात, जलद लयीत उरकलं जातं म्हणून तो येतो. कडवी सावकाश ऐका. महालात पहारे आहेत, तिजोऱ्या आहेत, तरी चोऱ्या होतात, आणि झोपडीच्या दाराला दोरीसुद्धा नाही. पुढच्या कडव्यात महालाच्या दारातून माणसाला हाकललं जातं. ‘मज्जाव’ हा शब्द तिथे येतो, तो या भजनातला सगळ्यात कठीण, टोकदार शब्द आहे. त्याला उत्तर म्हणून झोपडी सांगते की इथे यायला कुणाला भीती नाही. दार कुणासाठी बंद आणि कुणासाठी उघडं, असा सरळ प्रश्न या दोन कडव्यांत आहे. भजनाची ताकद काय असते हे १९४२च्या चिमूर-आष्टीच्या इंग्रजांविरुद्धच्या उठावाने दाखवलं आहे. महाराजांच्या भजनांनी तिथली माणसं पेटली आणि इंग्रज सरकारने महाराजांना नागपूर-रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. ज्या माणसाच्या खंजेरीची सरकारला धास्ती वाटली, त्याचं गाणं लोरीसारखं म्हणणं हा त्या गाण्यावर अन्याय आहे. ‘मज्जाव’वर खंजेरी पूर्ण थांबवणारं, तो शब्द उघडा ठेवणारं आणि मग झोपडीवर सगळ्यांचे आवाज एकदम आणणारं मंडळ मिळालं, तर त्याच्यापुढे बसून राहावं.

स्पर्धांनी नेमकं हेच बिघडवलं. खंजेरी भजन स्पर्धा विदर्भात उदंड होतात, आणि त्यामुळे बायकांची आणि मुलांची मंडळं उभी राहिली, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण दहा-बारा मिनिटांत दोन भजनं उरकायची म्हटल्यावर मंडळ काय निवडेल? जलद, ठेक्याचं, शेवटी लय दुप्पट होणारं. परीक्षकाला ओळखीची चाल लवकर पटते, म्हणून गाजलेल्या मंडळाची चाल मोबाईलवरून उतरवली जाते, कधी थेट सिनेमाच्या गाण्याचीच. गावाची स्वतःची चाल, जी कुणा म्हाताऱ्याने कधीतरी बांधली आणि जी त्या शिवेबाहेर कुठेच नाही, ती मागे पडते. पाच-सात वर्षं ती कुणी गायली नाही की संपली, कारण ती कुठे लिहिलेली नसते. वेशभूषेला गुण असतात, त्यामुळे खर्च फेट्यांवर आणि साड्यांवर होतो. आयोजकांनी तीन बदल करावेत. दोनपैकी एक भजन मंडळाच्या गावच्या चालीत असावं आणि ती कुणाकडून आली हे सुरुवातीला सांगावं. वेशभूषेचे गुण काढून टाकावेत. आणि परीक्षकांनी आकडा देऊन थांबू नये, प्रत्येक मंडळाला चार ओळी लेखी द्याव्यात: कुठे सूर उतरला, कुठे शब्द बुडाला. हरलेलं मंडळ त्या चार ओळींवर वर्षभर काम करू शकतं, ढालीवर काहीच करता येत नाही.

आता गावचा मंच. गणपती, शारदा, दुर्गा, भागवत सप्ताह, कुठलाही कार्यक्रम घ्या, पाहुणे, भाषणं, सत्कार, मुलांचे नाच आणि ऑर्केस्ट्रा झाल्यावर मंडळाला सांगतात, “चला भाऊ, आता तुमचं होऊन जाऊ द्या.” तोवर दहा वाजून गेलेले असतात. ध्वनिप्रदूषणाचे २०००चे नियम रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला मनाई करतात; राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, एवढंच. म्हणजे दहाच्या आधीचा वेळ ऑर्केस्ट्राला मिळतो आणि मंडळाच्या वाट्याला एक तर नियमभंग येतो किंवा बंद माईक. साडेसात ते साडेआठ हा तास मंडळाचा असावा. जेवणं उरकलेली असतात, म्हातारी माणसं जागी असतात, पोरं अजून घरी गेलेली नसतात.

माईकबद्दलही बोललं पाहिजे, कारण चांगलं मंडळ वाईट ऐकू येण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच आहे. साउंडवाल्याला डीजे लावायची सवय असते, तो बास वाढवतो आणि इको देतो. बारा मात्रांच्या ओळीत इको म्हणजे आधीच्या शब्दाचं शेपूट पुढच्या शब्दावर. इको बंद, बास कमी, एवढं पहिल्यांदा सांगायचं. गायकाचा माईक तोंडापासून चार बोटं. हा माईक समोरचं ऐकतो, पाठीमागचं फार कमी. नेहमीच्या बैठकीत खंजेरीवाले गायकाच्या मागे बसतात, म्हणजे बरोबर माईकच्या तोंडासमोर, आणि मग खंजेरी गाण्याच्या वर चढते. त्याऐवजी अर्धगोलात बसावं, खंजेरीवाले दोन्ही टोकांना, पुढे सरकून, माईकच्या कुशीला येतील असे आणि निदान पाच फूट लांब. पेटीचा माईक प्रेक्षकांच्या बाजूने लावतात, तिथे भाता असतो, त्यामुळे भात्याची फसफस आणि खटखट मोठी होते. तो बाजूने, पेटीच्या दीड वीत वर असावा. शिट्टी वाजू लागली की आवाज कमी करण्याआधी पेटारे, म्हणजे स्पीकर, पाहावेत, ते गायकांच्या मागे असतील तर पुढे न्यावेत. पाच मिनिटांचं काम आहे, आणि मंडळाने ते स्वतः सांगायला शिकलं पाहिजे.

चाली वाचवायच्या तर रेकॉर्डिंगला पर्याय नाही. अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या रॉक बँडने १९८४ पासून आपल्या कार्यक्रमांत रेकॉर्डिंग करणाऱ्या श्रोत्यांना वेगळी जागा नेमून दिली, आणि त्यामुळे त्यांचे कितीतरी कार्यक्रम आज श्रोत्यांच्या टेपांवरून ऐकता येतात. आपल्याकडे तर प्रत्येक खिशात मोबाईल आहे. फक्त तो लग्नातल्या व्हिडिओसारखा हलवत धरायचा नाही. टिनाच्या शेडमध्ये आणि सिमेंटच्या सभागृहात आवाज घुमतो, त्यापेक्षा सतरंजी अंथरलेलं प्रार्थना मंदिर चांगलं. मोबाईल विमान मोडवर, मंडळाच्या समोर सहा-सात फुटांवर, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीला, स्टुलावर दुमडलेला दुपट्टा ठेवून त्यावर. पंखे बंद. आधी दोन मिनिटं टेप करून ऐकायचं: टाळ फाटत असतील तर मोबाईल दोन फूट मागे, शब्द कळत नसतील तर टाळकऱ्यांना मागे. माईक, साउंड काही नको. प्रत्येक भजनाआधी एका माणसाने बोलून ठेवायचं: गावाचं नाव, तारीख, भजन कुणाचं, चाल कुणाकडून आली, पट्टी कुठली, कोण कशावर बसलं आहे. हे बोललेलं नसेल तर वीस वर्षांनी त्या फाईलचा काही उपयोग नाही. फाईल दोन ठिकाणी ठेवायची, एक शाळेच्या संगणकात. फक्त व्हॉट्सअॅपवर पाठवून थांबायचं नाही, तिथे आवाज दाबला जातो आणि मोबाईल बदलला की सगळं जातं. आणि ज्या गायकाचं वय सत्तरीच्या पुढे आहे त्याच्यापासून सुरुवात करायची.

भजन ही भक्ती आहे, त्यात असं सूर-ताल-माईक तपासणं बरोबर नाही, असं म्हणणारी मंडळी गावोगाव आहेत आणि त्यांच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण महाराजांनी भजन लोकांना सांगण्यासाठी वापरलं, मराठीतही लिहिलं आणि हिंदीतही, म्हणजे ते कळावं अशीच त्यांची इच्छा होती. ज्या भजनाचा शब्दच ऐकू आला नाही ते भजन गावापर्यंत पोचलं कसं म्हणायचं? कान देणं हाही सेवेचा भाग आहे.

पूर्व विदर्भातल्या दंडार आणि खडी गंमत या लोककलांना, चौदा एप्रिलच्या रात्री भीमगीतं गाणाऱ्या पार्ट्यांना आणि दुय्यम कव्वालीत, म्हणजे दोन पार्ट्यांच्या सामन्यात, गाणाऱ्यांनाही हे सगळं लागू पडतं. पेटी तीच, ढोलक तीच, उंदीरही तेच. त्यांच्या वाट्याला तर साहित्याचं अनुदानही क्वचित येतं. दुरुस्तीची सोय झाली तर ती जात-पंथ न पाहता गावातल्या प्रत्येक गाणाऱ्या गटाला मिळाली पाहिजे.

सोय करायला मंत्रालयापर्यंत जायची गरज नाही. ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात, बहुतेक गावांत त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. एक मेची ग्रामसभा या कामाला सगळ्यात सोयीची, कारण पेटी आणि तबला पावसाळ्याआधी कारागिराकडून येऊ शकतो. मंडळाने लेखी अर्ज द्यावा, त्यात मोघम ‘साहित्य मिळावे’ लिहू नये. भात्याची गळती, मुके सूर किती आणि कुठले, दायांची पुडी, खंजेरीची कातडी किती, कारागिराचा अंदाज आणि जाण्या-येण्याचं भाडं, असं एकेक मांडावं. ठरावात दोन ओळी याव्यात: ग्रामनिधीतून दरवर्षी वाद्यदुरुस्तीसाठी ठरावीक रक्कम, आणि गावच्या प्रत्येक सार्वजनिक उत्सवात साडेसात ते साडेआठ हा तास गावच्या मंडळांचा. ठरावाची नक्कल मंडळाच्या अध्यक्षांनी मागून घ्यावी आणि उत्सव समितीची पहिली बैठक असेल तेव्हा सोबत न्यावी, कारण कार्यक्रमपत्रिका छापायला गेल्यावर कुणी वेळ बदलत नाही.